पिवळी साडी, घाई

चंद्रहास काकांच्या स्टुडिओतल्या कपाटात एकशे त्रेसष्ट पाकिटं होती आणि त्यातल्या एकावरही कुणाचं नाव नव्हतं.

म्हणजे पाकिटं कोरी होती असं नाही. प्रत्येकावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. ‘लाल स्कूटर, सांडोर.’ ‘जुळे, एक रडतो.’ ‘ट्रम्पेटवाला.’ ‘चष्मा विसरून आले होते.’ ‘मास्तरांचे व्याही, घाम फार.’ सगळ्यात वरच्या फळीवर एक पाकीट एकटंच उभं करून ठेवलं होतं. त्यावर होतं, ‘वटार. पिवळी साडी, घाई.’

मी लॅपटॉपवर तक्ता करायला बसले होते. पहिल्या रकान्यात पाकिटाचा नंबर, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात फोन. दहा पाकिटं झाली तरी दुसरा आणि तिसरा रकाना रिकामाच.

“काका, नावं कुठे लिहिलीत?”

“नावं कशाला? मी ओळखतो ना.”

“एकशे त्रेसष्ट माणसांना?”

“जास्त. जोडीने आलेली धरली तर जास्त होतील.”

काका आणि विनया काकू आमच्या इमारतीत राहतात, आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर. माझी बारावीच्या प्रवेशपत्रापासून पासपोर्टपर्यंतची सगळी छायाचित्रं काकांनीच काढलेली. मी आयटीत डिग्री घेतली तेव्हापासून ते मला उन्नती म्हणत नाहीत, इंजिनीअर म्हणतात. काकूंच्या फोनचा आवाज गेला की ‘इंजिनीअर’, गिझर तापत नसला तरी ‘इंजिनीअर’.

वसईत माणिकपूरला त्यांचा ‘उजेड फोटो स्टुडिओ’ ज्या इमारतीत होता ती पाडून नवीन होणार होती. एकतीस मार्चला गाळे रिकामे करून द्यायचे होते. काकांचं वय त्रेसष्ट, नवीन गाळा घ्यायचा त्यांचा विचार नव्हता. दिवे, पडदे, कॅमेरे यांची सोय लागली. प्रश्न उरला तो या कपाटाचा. १९८९ ते २०१२ या काळात लोकांनी फोटो काढून घेतले, आणि मग न्यायला आलेच नाहीत. ती ही पाकिटं.

“घरात यातलं एक पाकीट आलं ना,” विनया काकूंनी सांगून टाकलं होतं, “तर मी रत्नागिरीला भावाकडे निघून जाईन. एवढ्याशा घरात माणसांनी राहायचं की फोटोंनी?”

काकांची अट त्याहून सोपी होती. “एकही पाकीट रद्दीत जाणार नाही. दुसऱ्याचा चेहरा आहे. तो आपण कसा टाकायचा?”

मला तर हे काम दोन दिवसांचं वाटलं. ऑफिसातून आपोआप कागद ओढणारा स्कॅनर आणायचा, सगळे फोटो स्कॅन करायचे, फाईली ज्याच्या त्याला पाठवायच्या आणि विचारायचं, तुम्हाला प्रिंट हवी की फाईल पुरेल? ज्यांना प्रिंट हवी ते येऊन नेतील. माझ्या मते योजनेत एकही भोक नव्हतं. नावंच नाहीत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

नावं का नाहीत, ते काकांनी मला चहा पिताना सांगितलं. ते मूळचे संगमेश्वरकडचे. दादरच्या एका स्टुडिओत काम शिकले आणि सत्ताविसाव्या वर्षी माणिकपूरला स्वतःचा गाळा घेतला. पहिल्याच महिन्यात सांडोरचे एक गृहस्थ मुलाचा, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीनंतरचा, फोटो काढून गेले. काकांनी पावतीसाठी नाव विचारलं.

“ते तर एकदम तापले. म्हणाले, रोज चर्चसमोरून जातोस, रोज मी तुला हात करतो आणि नाव विचारतोस? नवीन आलायस काय वसईत?” काका हसले. “आता मी नवीनच होतो. पण ते तोंडावर ऐकायला कसं वाटतं? त्या दिवशी ठरवलं, आपण कोणाला नाव विचारायचं नाही. माणूस गेला की काय लक्षात राहिलं ते पाकिटावर लिहायचं.”

“आणि नंतर कधीतरी विचारायचं होतं ना!”

“नंतर? वर्षभराने विचारलं तर जास्त राग येतो, इंजिनीअर. आणि छत्तीस वर्षांनी विचारलं तर मारतीलच.”

त्यामुळे छत्तीस वर्षं या माणसाने अर्ध्या वसईचे चेहरे टिपले आणि कुणाचं नाव विचारलं नाही. समोरून कुणी आलं की ते मान तिरकी करून, भुवया उंचावून असे हसायचे की येणाऱ्याला वाटायचं, याला आपल्या आजोबांपासून सगळे माहीत आहेत.

मी स्कॅनिंग सुरू केलं. सहाशे चौदा फोटो. स्कॅनर खरंच भराभर ओढत होता आणि काका शेजारी स्टुलावर बसून एकेक फोटो आत जाताना बघत होते.

“मागची बाजू?” त्यांनी एकदा विचारलं.

“मागे काय असतं, काका?”

“काही नाही. माझं आपलं.” मी पुढचा गठ्ठा लावला.

वरच्या फळीवरचं पाकीट त्यांनी शेवटी स्वतः खाली उतरवलं. आत एकच मोठा फोटो होता. विशीतली मुलगी, पिवळी साडी, हात मांडीवर, नजर थेट. इतका सुंदर फोटो त्या कपाटात दुसरा नव्हता.

“शहाण्णव सालचा,” काका म्हणाले. “हा मी शोकेसमध्ये लावणार होतो. दारातल्या. पण जाता जाता म्हणाली, भाऊ, शोकेसमध्ये लावू नका हं. मग नाही लावला. परत आलीच नाही. का आली नसेल, याचा विचार अजून कधीकधी करतो.”

मी तोही स्कॅन केला.

नावं नव्हती, पण गावं तर होती; काही पाकिटांवर लिहिलेली, बाकीची काकांना आठवत होती. कॉलेजातले मित्र सगळ्या गावांत होते. वटारच्या मितेशला मी वटारचे फोटो पाठवले, सांडोरच्या फ्लॉईडला सांडोरचे. शनिवारी सकाळी त्यांनी आपापल्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. खाली मी लिहून दिलेला मजकूर होता, ‘आपला फोटो ओळखा. मूळ प्रिंट माणिकपूरला उजेड स्टुडिओत आहे. कृपया घेऊन जा.’

दुपारपर्यंत माझा फोन नुसता वाजत होता. अरे हा तर आपला अमका, अगं ही तुझी आत्या, बघ तेव्हा केस किती होते. तक्त्यातला दुसरा रकाना भरत चालला. रविवार संध्याकाळपर्यंत एकशे अठरा पाकिटांना नावं मिळाली. मी नाचत स्टुडिओत गेले.

काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. समोर घडीच्या आठ खुर्च्या मांडलेल्या, थर्मासमध्ये चहा, पाकिटं गावांप्रमाणे टेबलावर लावलेली.

“किती आले?” मी विचारलं.

“नऊ.”

“दोन दिवसांत नऊ?”

त्यांनी मला फोन दाखवला. कुणाचं ‘थँक्यू काका, मिळाला’, कुणाचं नुसतं लाल हृदय, सांडोरच्या स्टॅनीचं ‘डीपी ठेवला, मस्त आलाय’. फाईल मिळाली होती. प्रिंटसाठी यायचं कारणच उरलं नव्हतं.

“तू सगळ्यांना ताट घरपोच दिलंस, इंजिनीअर,” काका म्हणाले, “मग पंगतीला कोण येणार?” रागाने नाही. थर्मास उघडून त्यांनी मला चहा ओतला.

तेवढ्यात माझ्या फोनवर अनोळखी नंबरावरून संदेश आला. ‘मी हेमाली, वटार. पिवळ्या साडीतला फोटो ताबडतोब काढा. ती माझी आई आहे. फाईल नको, प्रिंटही नको.’

मी मितेशला फोन करून वटारच्या ग्रुपवरचे संदेश मागवले आणि वाचत गेले तेव्हा कळलं. फोटोखाली सत्तर जणांनी लिहिलं होतं. ‘ही तर श्रीपतची बायको!’ ‘पण हा लग्नाआधीचा दिसतोय.’ मग एका म्हातारबुवांना आठवलं, त्या वर्षी आगाशीचं एक स्थळ आलं होतं. ‘श्रीपत, हा फोटो तुझ्यासाठी नव्हता रे!’ त्यापुढे हसण्याच्या चेहऱ्यांची रांग.

मितेशने फोटो लगेच काढला. पण तोवर तो आणखी तीन ग्रुपवर गेला होता. तिथून परत आणायचं कुठलंही बटण मला माहीत नव्हतं, आणि असं बटण नसतंच हे मला इतर कुणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं.

मी काकांना सांगितलं. ते वरच्या रिकाम्या फळीकडे बघत म्हणाले, “एकोणतीस वर्षं मी तो दारातल्या काचेत लावला नाही. तिला शब्द दिला होता.”

मी रडले असते तर बरं झालं असतं. मी आपली “सॉरी काका, सॉरी काका” करत राहिले.

“आता हा तिच्या हातात द्यायचा,” ते म्हणाले. “घेतला नाही तर नाही. पण माफी मागून द्यायचा. गाळा सोडायच्या आत.”

मी तीन दिवस रजा टाकली. माझ्या स्कूटरवर मागे काका, त्यांच्या मांडीवर पाकिटांची पिशवी, माझ्या पायांशी दुसरी. वटार आम्ही शेवटी ठेवलं. खरं तर काकांना तिथे जायचं धाडस होत नव्हतं आणि मलाही.

पहिलं घर स्टॅनीचं. केळीच्या बागेतून आत गेलो तर तो गाडी धूत होता. “काका, अहो कशाला आलात एवढ्या उन्हात? मिळाला की मला ग्रुपवर!”

“असू दे. आलोय तर घे,” म्हणत काकांनी पाकीट पुढे केलं. स्टॅनीने हात पँटला पुसले, फोटो काढला, सवयीने उलटा केला आणि थांबला. मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात चार ओळी होत्या. तो मोठ्याने वाचायला लागला.

“‘वडील हसेनात. तीन फोटो वाया. मग चर्चचे फादर माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी जीभ काढली. हा चौथा.’” स्टॅनीने पाइप तसाच वाहता सोडला. “मम्मी! बाहेर ये. डॅडी का हसले ते इथे लिहिलंय.”

त्याची आई आली. तिने ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाली, “असेच होते ते. लग्नातसुद्धा हसले नव्हते.” मग आम्हाला सोडायलाच तयार होईना.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “सगळ्या फोटोंच्या मागे आहे असं?”

“लिहायचो. मऊ पेन्सिलीने. बॉलपेनाने लिहिलं तर चेहऱ्यावर वळ उठतो.”

“मग स्कॅन करताना सांगितलं का नाहीत?”

“विचारलं की. तू म्हणालीस, मागे काय असतं?”

सहाशे चौदा फाईली मी जपून दोन ठिकाणी साठवल्या होत्या आणि एकीलाही पाठ नव्हती. त्यानंतर प्रत्येक घरात फोटो देण्याआधी मी मोबाईलवर मागची बाजू टिपून घेऊ लागले. काका म्हणायचे, “आता कशी इंजिनीअर शोभतेस.”

सगळीकडे स्टॅनीसारखं झालं नाही. एका घरात दारातूनच “नको, फोटो आहे आमच्याकडे” म्हणाले. एका बाईंनी नवऱ्याचा फोटो बघून सरळ सांगितलं, “काका, हे तुम्हीच ठेवा.” काकांनी का म्हणून विचारलं नाही, पिशवीत ठेवला. नाव न मिळालेले बरेच चेहरे गावात दाखवल्यावर ओळखले गेले आणि तीन दिवसांत पिशवी बरीच हलकी झाली. सव्वीस पाकिटं उरली. ती आज विनया काकूंच्या पलंगाखाली गव्हाच्या रिकाम्या डब्यात आहेत, आणि रत्नागिरीला कुणीही गेलेलं नाही.

वटारला आम्ही तिसऱ्या दिवशी दुपारी चारला पोचलो. हेमालीने दार उघडलं आणि आम्ही कोण ते कळल्यावर तिचा चेहरा बदलला. ओटीवर तिची आई मेथीच्या जुड्या बांधत होती. पन्नाशीला आलेली, केस पुढे पांढरे झालेले. पण नजर तीच, थेट. मी फोटोत पाहिलेली.

काका चपला काढून पायरीवरच उभे राहिले. “माझ्याकडून चूक झाली.”

“त्यांच्याकडून नाही हो, माझ्याकडून,” मी म्हटलं. “फोटो मी पाठवला.”

बाईंनी हातातली जुडी पूर्ण बांधली, टोपलीत टाकली. “शोकेसमध्ये लावू नका म्हटलं होतं ना, भाऊ? लावलात शेवटी. आणि शोकेस तरी केवढी! माझा दीर दुबईला आहे, त्याला माझ्याआधी कळलं.”

“हो,” काका म्हणाले. एवढंच.

“आईला चार दिवस भाजी घेऊन बाजारात जायची सोय नाही,” हेमाली म्हणाली. “जो तो विचारतो, आगाशीला काय चुकलं?”

“मला विचारू देत,” बाई म्हणाल्या. “हिच्या बाबांना का विचारतात? यांना काही माहीतच नव्हतं. तो फोटो आगाशीला दाखवायला काढला होता, खरंच आहे. आईने पाठवलं होतं. पण फोटो तयार व्हायच्या आत यांच्या घरची माणसं येऊन सुपारी फोडून गेली. मग एका स्थळासाठी काढलेला फोटो आणायला कुठल्या तोंडाने जाऊ? राहिला तो राहिलाच.”

काकांनी मान हलवली. इतक्या वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं होतं.

तेवढ्यात मागच्या वाडीतून कोपरापर्यंत चिखल लागलेले एक गृहस्थ आले. पांढरी दाढी वाढलेली, खांद्यावर पंचा. “फोटोवाले आले का? कुठाय माझा फोटो?”

“तुमचा कसला?” बाई म्हणाल्या.

“बायको माझी, मग फोटो कोणाचा? आगाशीवाल्यांचा?” श्रीपतरावांनी नळाखाली हात धुतले, पंच्याला पुसले, खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरला. पडद्यावर पिवळ्या साडीतला चेहरा होता. “हे बघ पोरी. एवढा मोठा केला की नुसते चौकोन दिसतात. हिचं म्हणणं, ती हसत नव्हती. मी म्हणतो, हसत होती. चार दिवस भांडण चाललंय. आगाशीवाल्यांसाठी हसली की नाही, एवढं मला कळलं पाहिजे.”

“पाठवताना फाईल लहान झाली,” मी म्हटलं. “म्हणून चौकोन.”

“मग मोठी दाखव की.”

माझ्याकडे मोठी फाईल होती, लॅपटॉपवर, स्वच्छ. पण मी काकांकडे पाहिलं. काकांनी बाईंकडे पाहिलं.

“तुझी परवानगी असेल तरच,” ते म्हणाले. “नाहीतर तुझ्या हातात देतो आणि निघतो.”

बाईंनी मेथीची टोपली बाजूला सारली. “द्या. एवढं गाव बघून बसलंय, यांनीच काय घोडं मारलंय?”

काकांनी पाकिटातून प्रिंट काढून त्यांच्या हातात दिली. श्रीपतराव मागून वाकले. हेमालीही वाकली. साडीची किनार, कपाळावरची एक सुटलेली बट, ओठांचा कोपरा, सगळं स्पष्ट. आणि तरी, हसते आहे की नाही ते सांगता येईना. जरासं कुठेतरी सुरू होऊन थांबलेलं.

“बघा, नाही हसले,” बाई म्हणाल्या.

“हा कोपरा बघ. हसतेस.”

“मागे लिहिलेलं असेल,” मी न राहवून म्हटलं. या एका फोटोची मागची बाजू मी टिपली नव्हती.

श्रीपतरावांनी प्रिंट उलटी केली आणि हात लांब करून वाचली. “‘हसू का, असं विचारलं. म्हटलं, तुझी मर्जी. तर म्हणाली, मी का हसू, आधी त्यांना बघू दे, मग माझं मी बघते.’”

श्रीपतराव एवढ्या जोरात हसले की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. “म्हणजे नाहीच हसली! आगाशीवाल्यांसाठी नाहीच हसली!”

“सांगत होते ना चार दिवस!” बाईंनी पदर तोंडाला लावला. पण डोळ्यांवरून कळत होतं.

“हा मी फ्रेम करणार.”

“समोरच्या खोलीत नाही हं लावायचा.”

“बरं. आतल्या खोलीत. पण लावणार.”

हेमालीने सरबत आणलं. माझ्याशी ती अजून मोजकंच बोलत होती, आणि ते बरोबरच होतं. मी तिच्यासमोर लॅपटॉप उघडून ती मोठी फाईल पुसून टाकली. “दुसरीकडे पण ठेवली असशील,” ती म्हणाली. मी तिथूनही पुसली. मग ती शेजारी टेकली.

बाई पाकीट हातात घेऊन वाचत होत्या. “‘वटार. पिवळी साडी, घाई.’ साडी माझी नव्हती हो, भाऊ. शेजारच्या वहिनीची. संध्याकाळच्या आत धुऊन परत द्यायची होती, म्हणून घाई.” त्यांनी पाकीट उलटसुलट केलं. “पण नाव कुठाय? माझं नाव नाही लिहिलंत?”

काकांनी मान तिरकी केली, भुवया उंचावल्या, ते नेहमीचं हसू आणायला लागले. मग ते अर्ध्यावर सोडून दिलं. खिशातून पेन्सिल काढली.

“नाव काय गं तुझं?”

“अगं बाई!” त्या हेमालीकडे वळल्या. “ऐकलंस का? एकोणतीस वर्षं फोटो सांभाळला आणि आता नाव विचारतात! नवीन आलात काय वसईत?”

काकांचे कान लाल झाले. पण पेन्सिल त्यांनी खाली ठेवली नाही, तशीच पाकिटावर टेकवून वाट बघत राहिले.

“सुभद्रा,” त्या म्हणाल्या. “लिहा. आणि ती घाई खोडून टाका.”